शिमाओची ओळ

नोव्हेंबर लागला की आमच्याकडे वारा सुटतो, तो मार्चपर्यंत थांबत नाही. समुद्राचं पाणी बारीक करून तो जमिनीवर शिंपत राहतो. काचा पांढुरक्या होतात, गवत करपतं, पोवळ्याच्या दगडांच्या कुंपणाआड लावलेला कोबी तेवढा जगतो. बायका डोक्यापासून हनुवटीपर्यंत फडकं गुंडाळून हिंडतात, नुसते डोळे दिसतात. अशा वाऱ्यात, नव्व्याण्णव सालच्या डिसेंबरात, एका रविवारी दुपारी पेइत्सुई बेटावर शुए वन-ता नावाचा कोळी गेला. बेचाळीस वर्षांचा होता. जाळं ओढायच्या रहाटाचा दांडा निसटून त्याच्या छातीवर बसला होता.

तो गेला त्याचं खापर हुंगताईंच्या डोक्यावर फुटलं. बेटावरच्या दवाखान्यात त्या एकट्याच नर्स. आणि ते खापर खरं तर माझं होतं.

मी यान पी-श्या. मागोंग शहरातल्या सात माणसांच्या एका कंपनीत राऊटर लावायचं काम करायचे. पाच बेटांवरचे पाच दवाखाने मागोंगच्या केंद्राला जोडायचं काम आमच्याकडे आलं, ते साहेबांनी माझ्या हाती दिलं. आमच्या समुद्रात एका बेटावरून दुसऱ्या बेटावर बोट जात नाही. पेइत्सुईच्या धक्क्यावर उभं राहिलं की शिमाओ समोर दिसतं, तिथल्या घरांवर वाळत घातलेली चादरसुद्धा दिसते. पण जायचं तर आधी मागोंगला या, बोट बदला, मग उलट निघा. मी जोडलेली फ्रेम रिलेची लाइन, म्हणजे दवाखान्यांची यंत्रं जोडणारी भाड्याची टेलिफोन तार, तीही अगदी तशीच होती. मधे मागोंग, भोवती बेटं, आणि कुणालाही कुणाकडे जायचं तर मागोंगवरूनच.

राऊटर हा मोठा आज्ञाधारक आणि मोठा अडाणी जीव. मागोंगची वाट त्याची त्याला सापडते. पण समोरचं शिमाओही त्याच वाटेनं लागतं, हे त्याला कुणीतरी हातानं लिहून द्यावं लागतं. लिहिलं नाही, तर शिमाओच्या नावाचं जे काही येईल ते तो दारातच टाकून देतो. रडत नाही, ओरडत नाही. एका बेटाला चार ओळी, पाच बेटांच्या मिळून वीस.

पेइत्सुईच्या राऊटरमध्ये मी तीन लिहिल्या. चौथी लिहिणार, तेवढ्यात परतीच्या बोटीचा भोंगा झाला. राहिलेली मागोंगहून लिहीन असं म्हणत मी पिशवी उचलली. मागोंगला पोचून केंद्रातल्या राऊटरवरून पाचही बेटांना हाक मारली. पाचांनी ओ दिली. मधे बसलेल्याला सगळं जोडलेलंच दिसतं. मी खूश झाले, गरम शेवयांचा वाडगा मागवला, आणि ती ओळ राहून गेली.

सात महिने काही बिघडलं नाही. डॉक्टर मागोंगलाच बसत, एक्स-रे तिकडेच जात. डिसेंबरात डॉक्टर कमी पडले, म्हणून पाळी लागली, एक आठवडा या बेटावर, एक त्या. त्या रविवारी डॉक्टर फांग शिमाओवर होते. हुंगताईंनी वन-ताच्या छातीचा एक्स-रे काढला, चित्र पाठवायच्या यंत्रात घातला, आणि शिकवल्याप्रमाणे पाळीच्या डॉक्टरकडे पाठवला. तो पोचला नाही. वारा असा होता की बोट सुटेना, हेलिकॉप्टर उठेना. डॉक्टरांनी फोनवरून ऐकून अंदाज बांधला की बरगडी मोडली असावी, झोपवून ठेवा. आत फुप्फुस मिटलं होतं. एक सुई टोचून कोंडलेली हवा सोडली असती, तर त्याला श्वास घेता आला असता. चारच्या सुमारास तो संपला.

चौकशी समिती बसली, तिला दिलेल्या जबाबात डॉक्टरांनी लिहिलं की नर्सला यंत्र चालवता आलं नाही. त्यांना दुसरं काय वाटणार?

आठ दिवसांनी साहेबांनी मला तपासायला पाठवलं. तोवर मला काहीच ठाऊक नव्हतं. नर्सचं काहीतरी चुकलं, एवढंच ऐकलं होतं, आणि मीही मान हलवून ते मानलं होतं.

दवाखान्याचं बाकडं रिकामं होतं. हुंगताई खिडकीशी बसून लोकरीचं विणत होत्या. चोपन्न वर्षांच्या, बुटक्या, केस मुलासारखे कापलेले.

"जेवलीस का?" त्यांनी विचारलं.

"जेवले होते ताई. बोटीत सगळं समुद्राला परत दिलं."

"समुद्र तरी घेतो बाई. माझ्या हातचं आता कुणी पाणीसुद्धा घेत नाही." त्यांनी विणकाम वर धरून दाखवलं. "बघ, दुसरा स्वेटर. तीस वर्षांत एवढी सवड मिळाली नव्हती. रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी लोक मागोंगला जातात, या वाऱ्यात, ओकत ओकत. पण माझ्या दारात येत नाहीत."

राऊटर कपाटावर होता. त्याच्यावर खाऊचं हिरवं पाकीट ठेवलेलं. यंत्रानं शहाण्यासारखं वागावं म्हणून आमच्याकडे सगळे ठेवतात ते.

"हे तुम्ही ठेवलंत?"

"तूच सांगितलं होतंस, हिरवंच ठेवा म्हणून. तारीख उलटली की नवं आणते. नातवानं मागितलं तरी दिलं नाही. तू काय मला गावंढळ समजतेस?"

मी हसले. हसत हसतच हात मागे घातला, राऊटरची वीज बंद केली, मनात दहा मोजले, आणि पुन्हा चालू केली.

"बंद का केलंस गं?"

"कुठेही गेलो की आधी बंद करून चालू करायचं, ताई. डोळ्यांवर पाणी मारल्यासारखं. निम्मी दुखणी त्यानंच जातात."

आम्हा सगळ्यांची ही सवय. उस्तादानं शिकवलेली, हातात मुरलेली. कुणी त्यावर विचार करत नाही.

राऊटर जागा झाला. मी माझा लॅपटॉप जोडला आणि लिहिलेल्या ओळी वाचायला लागले. एक. दोन. तीन. पुन्हा वरून वाचल्या. तीनच.

शिमाओची नव्हती. मग दुसरी गोष्ट लक्षात आली, आणि ती पहिलीपेक्षा वाईट होती. वाट ठाऊक नाही म्हणून टाकून दिलेल्या प्रत्येक तुकड्याची मोजदाद राऊटर ठेवतो. हुंगताईंनी त्या दुपारी जे जे पाठवलं, त्याचा आकडा या पेटीत आठ दिवस बसून होता. त्यांच्या बाजूनं बोलणारा तेवढा एकच साक्षीदार. आणि वीज गेली की तो आकडा जातो. मी पाहिलं. तिथे शून्य होतं.

"काय झालं? चेहरा का उतरला?" हुंगताई म्हणाल्या.

"काही नाही. त्या दिवशी तुम्ही किती वेळा पाठवलंत?"

"मोजायला कुठे सुचतंय? एका हातानं त्याचा हात धरला होता. दुसऱ्या हातानं बटण दाबत होते. पडद्यावरची पट्टी भरत जायची आणि मग लाल व्हायची. फोनवर डॉक्टर म्हणायचे, आलं नाही, परत पाठवा. मी परत पाठवायची. वन-ता म्हणाला, ताई, राहू दे, दमशील." त्यांनी लोकरीची गाठ दातांनी तोडली. "त्याची दोन्ही पोरं माझ्या हातांवर जन्मली. पहिल्याच्या वेळी हा बाहेर उभा राहून रडत होता. केवढा मोठा गडी."

मी चौथी ओळ लिहिली. अर्ध्या मिनिटाचं काम. मग कपाटातला एक जुना एक्स-रे यंत्रात घालून शिमाओला पाठवला. पट्टी भरली आणि हिरवी झाली.

हुंगताई माझ्या खांद्यामागे उभ्या होत्या.

"गेला?"

"गेला."

"तू काही दुरुस्त केलंस का?"

"थोडं... साफसफाई."

त्या पडद्याकडे बघत राहिल्या. "म्हणजे यंत्र चांगलंच होतं. माझंच काहीतरी चुकलं असणार. आधी हिरवं बटण दाबायचं का, आणि मग ते..." आणि त्या आपलीच बोटं पुढे धरून, कुठल्या बोटानं काय दाबलं होतं ते आठवायला लागल्या.

शब्द माझ्या तोंडापर्यंत आला होता. तेवढ्यात बोटीचा भोंगा झाला, आणि मला तो भोंगा बरा वाटला. ही गोष्ट मी कुणाला सांगत नाही, पण खरी तीच आहे. मला बरं वाटलं.

आमचे साहेब कोह. वाईट माणूस नव्हे. वाढदिवसाला प्रत्येकाला डुकराच्या पायाच्या शेवया खाऊ घालायचे, आजारी माणसाला घरी पोचवायचे. मी त्यांना सांगितलं.

"एक ओळ नव्हती," मी म्हटलं.

"आता आहे ना?"

"आता आहे."

"मग लाइन चांगली आहे, असं लिही. त्यात खोटं काय?"

"त्या दिवशी नव्हती, साहेब."

"पुरावा आहे?"

"होता. मी बंद-चालू केलं."

त्यांनी खुर्चीत पाठ टेकली. चेहऱ्यावरून काहीतरी ओझं उतरलेलं दिसलं, आणि ते दिसलं याची त्यांना लाजही वाटली असावी. त्यांनी कपाटातून कागद काढला. काम पूर्ण झाल्याचा दाखला. प्रत्येक बेट प्रत्येक बेटाशी तपासलं, सगळं ठीक, असं त्यावर छापलेलं, आणि खाली माझ्या नावाचा तांबडा शिक्का, आमच्याकडे सहीच्या जागी मारतात तो.

"हा शिक्का कुणाचा?"

"माझा. पण मारला लियाओंनी."

आमच्या सगळ्यांचे शिक्के कारकून लियाओ यांच्या खणात असायचे. रजेचा अर्ज असो, सामानाची पावती असो, दर शुक्रवारी ते कागदांचा गठ्ठा घेऊन बसायचे आणि ज्याचा त्याचा शिक्का उमटवत जायचे. चहा पीत, रेडिओ ऐकत. सगळ्या कचेऱ्यांत हेच चालतं. आपला शिक्का कशावर उमटला हे बघायला कुणी जात नाही.

"बाहेरच्यांना हे सांगशील? आमचे शिक्के दुसराच मारतो म्हणून? पी-श्या, आपण सात माणसं आहोत. हे काम गेलं तर सातही जणांनी काय समुद्रात उड्या घ्यायच्या? तू हुशार पोरगी आहेस. बोलताना तेवढी राऊटरसारखी बोल. लिहून दिलंय तेवढंच."

तीन दिवस मी राऊटरसारखी गप्प राहिले. जेवताना, झोपताना, मला ती बोटं दिसायची. पुढे धरलेली, ठेंगणी, नखं बारीक कापलेली. चौथ्या दिवशी मी चौकशी समितीला पत्र लिहिलं. काय राहिलं, का राहिलं, कुणामुळे राहिलं. खाली सही केली, शिक्का मारला नाही.

समितीत तिघे होते. मधल्यानं दाखला पुढे सरकवला.

"यावर तुमचा शिक्का आहे. पत्रावर तुमची सही आहे. दोन्ही खरं कसं असेल? तेव्हा खोटं बोललात की आता बोलताय?"

"तेव्हा."

"शिक्का स्वतः मारलात?"

"नाही. आमच्या कचेरीत एकच जण सगळ्यांचे मारतो."

डावीकडचे गृहस्थ खोकले आणि कागद चाळायला लागले. त्यांचाही शिक्का कुठल्यातरी खणात असणार.

"राऊटरमध्ये काही नोंद?"

"होती. माझ्या हातून पुसली गेली."

"म्हणजे तुमच्या सांगण्याशिवाय काहीच नाही." ते वाईट वाटल्यासारखे हसले. "नर्सबाई तुमच्या नात्यातल्या का?"

निकाल लागला. लाइनमध्ये दोष होता असं सिद्ध होत नाही. नव्या वर्षाचा सण झाला की हुंगताईंची बदली मागोंगच्या फायलींच्या खोलीत. मला कोहसाहेबांनी स्वतः चहा करून दिला आणि म्हणाले, "दुसरीकडे बघ आता. मी चिठ्ठी देईन चांगली." ती त्यांनी दिलीसुद्धा.

मग मी पेइत्सुईला गेले. कुणी पाठवलं नव्हतं.

हुंगताईंनी सगळं ऐकून घेतलं. सुया हातात तशाच होत्या, हलत नव्हत्या.

"त्या दिवशी तू इथेच बसली होतीस," त्या म्हणाल्या. "याच स्टुलावर. मी तुझ्यासमोर माझी बोटं मोजत होते आणि तू गप्प बसलीस."

"हो."

"दोन आठवडे मी झोपले नाही. रोज उठून त्या यंत्रासमोर बसायचे. हे दाबलं, मग ते दाबलं. कधी माझं बरोबर यायचं, कधी चूक यायचं. वेड लागायची वेळ आली होती, पोरी."

मी मान खाली घातली. माफी मागितली. ती त्यांनी घेतली नाही, टाकलीही नाही.

"समितीला सांगितलंस ते ठीक. बदलीचं मला काही नाही, फायली तर फायली, त्यांतलं कुणी मरत नाही. पण मला शुए आमांच्या दारावरून जाता येत नाही. लांबून वळसा घालून, कोबीच्या वाफ्यांतून पाण्याला जाते. आमांना जाऊन सांग."

"तुम्ही चला ना बरोबर."

"मी आले तर म्हणतील, शिकवून आणली. एकटी जा. आणि उभ्यानं सांगू नकोस, खाली बस. त्यांना कमी ऐकू येतं."

शुए आमा म्हणजे वन-ताची आई. सगळं बेट तिला आमा म्हणतं, आजी. दाराशी आडोशाला बसून ती भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. शेंगा फोडताना आमच्या बायका एक गाणं म्हणतात:

वाऱ्या रे वाऱ्या, घे जरा दम,
घरचा माणूस लाटेवर आहे.
निवलेलं कालवण ठेवते मी पुन्हा,
चुलीत अजून निखारा आहे.

तिनं त्यातले शब्द गाळले होते. नुसती चाल हाताबरोबर चालली होती. मी खाली बसले. कोण, कुठली ते सांगितलं.

"लाइनवाली?" ती म्हणाली. "मग इथे काय? इथे फोन नाही बिघडलेला."

"आमा, त्या दिवशीचं सांगायला आले. हुंगताईंनी एक्स-रे पाठवला होता. बरोबर पाठवला होता."

हात थांबले.

"डॉक्टर म्हणाला, आला नाही."

"आला नाहीच. बेटाबाहेर पडलाच नाही. दवाखान्यातल्या पेटीला शिमाओची वाट लिहून द्यायची असते. ती लिहायचं काम माझं होतं. मी लिहिली नाही."

"का?"

"बोट सुटत होती. नंतर लिहीन म्हटलं. विसरले."

आमानं एक शेंग उचलली, फोडली, दाणे परडीत टाकले. मग दुसरी. मला वाटलं, ऐकू गेलं नाही. मी तोंड जवळ नेलं, तशी ती म्हणाली, "ऐकलं मी. आ-माननं किती वेळा पाठवलं?" हुंगताईंचं नाव गुई-मान. ती त्यांना आ-मान म्हणायची.

"पुष्कळदा. तो आकडा पेटीत होता. माझ्या हातून पुसला गेला."

"तेही तूच?"

"तेही मीच."

"डॉक्टरला चित्र दिसलं असतं, तर वाचला असता?"

वाऱ्यानं सालपटं उडून माझ्या मांडीवर येत होती. खोटं बोलायला केवढी जागा होती तिथे.

"वाचला असता, आमा. बहुतेक."

आमा रडली नाही. तिच्या अंगणापलीकडे समुद्र होता आणि समुद्रापलीकडे शिमाओ, स्वच्छ, हात लांबवला तर लागेल असं. ती तिकडे बघत होती की नुसतीच समोर, मला कळलं नाही.

"मी आ-मानला वाट्टेल ते बोलले," शेवटी ती म्हणाली. "माझ्या पोराच्या शवपेटीसमोर बोलले. ती धूप लावायला आली होती. काडी तिच्या हातातून काढून घेतली मी."

मग तिनं परडी बाजूला सारली, गुडघ्यावर हात टेकून उठली, फडकं डोक्यावरून घेऊन हनुवटीखाली घट्ट बांधलं. मी हात द्यायला पुढे झाले.

"तू माझ्या दारातून ऊठ," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "आणि माझ्या मागे येऊ नकोस. दवाखान्यातही येऊ नकोस."

ती निघाली. वळशाच्या वाटेनं नाही, सरळ मधल्या रस्त्यानं, वारा पोटावर घेत. दोन घरांची दारं किलकिली झाली. मी बऱ्याच अंतरावरून, कुंपणाच्या कडेनं, धक्क्याच्या दिशेला चालत राहिले. दवाखान्याच्या खिडकीतून दिसलं तेवढं सांगते. आमा बाकड्यावर बसली. हुंगताई उभ्या होत्या, भिंतीला टेकून. आमानं हाताची बाही वर केली आणि हात टेबलावर ठेवला. हुंगताईंनी रक्तदाबाचा पट्टा आणला. गुंडाळताना त्यांना तो दोनदा सोडून पुन्हा बांधावा लागला. मग वाऱ्यासाठी म्हणून कुणीतरी दार लोटून घेतलं.

धक्क्यावरच्या आडोशाला तीन बायका औषधांच्या वह्या घेऊन मागोंगच्या बोटीची वाट बघत बसल्या होत्या. दवाखान्याच्या रस्त्यानं एक म्हातारा आला, त्यानं त्यांच्या कानाशी काहीतरी सांगितलं; त्यातलं 'आमा' एवढंच मला ऐकू आलं. तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग तिघींनी माझ्याकडे पाहिलं. फडक्यांतून नुसते डोळे. एकीनं वही कोटात खोचली, उठली, आणि दवाखान्याच्या रस्त्याला लागली. तिच्यामागून दुसरी, मग तिसरी.

बोट लागली. नावाड्यानं दोर हातात धरून इकडे तिकडे पाहिलं.

"आज एकटीच? बाकीच्या कुठे गेल्या?"

"दवाखान्यात."

"हुंगताईंकडे?"

"हो."

मी आत जाऊन कोपऱ्यात बसले, आणि त्यानं दोर सोडला.